अंगठा, खोबरेल आणि गिअरची तार



गेल्या हिवाळ्यात मी सायकल सोडायचं ठरवलं होतं. घरात कुणालाच बोललो नव्हतो. आता ती वेळ टळली आहे, म्हणून सांगतो. नातेवाईक मंडळींनी वाचून लगेच फोन करू नये, मी ठणठणीत आहे.

पार्श्वभूमी अशी. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मुलानं मला सात गिअरची सायकल घेऊन दिली. साताऱ्यात राहायचं म्हणजे चढ आलाच. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे जाताना वडिलांच्या जुन्या सायकलीवरून मी कायम उतरून, हँडल धरून चालत गेलो. गिअरची सायकल आली आणि ऐन चाळिशीत जे जमलं नाही ते पासष्टीनंतर जमलं. तो चढ मी सीटवर बसून चढलो. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वेळा चहा मागितला.

आणि गेल्या हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालो की हलका गिअर पडेना. उजव्या अंगठ्यानं खटका दाबायचा, तर तो दबेना. चढ समोर आला की उतरावं लागे. दुपारी किराणा आणायला निघालं की मात्र गिअर बऱ्यापैकी पडे. सकाळी आखडतं, ऊन चढलं की मोकळं होतं! आमच्या वयाच्या कुणालाही हे लक्षण सांगा, तो 'संधिवात' म्हणेल. पस्तीस वर्षं खडू धरलेला अंगठा. मी मनाशी म्हटलं, झालं, याचीही सेवानिवृत्ती आली. सायकल भाच्याला द्यायची, हेही ठरवून टाकलं.

द्यायच्या आधी ती स्वच्छ करावी म्हणून एका रविवारी अंगणात बसलो. गिअरची तार पुसताना बोटाला पांढरट, मेणासारखं काहीतरी लागलं. वास घेतला. खोबरेल! तेव्हा आठवलं, पावसाळा संपताना तार करकरत होती म्हणून मीच कपाटातली बाटली घेऊन तेल सोडलं होतं. सौ. दारातून म्हणाली, "थंडीत खोबरेल गोठतं. मी रोज बाटली उन्हात ठेवते, ते काय तिला कोवळं ऊन लागावं म्हणून?"

यावर मी काय बोलणार! साधारण चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. साताऱ्याच्या डिसेंबरातल्या सकाळी तारेच्या नळीत ते मेणबत्तीसारखं बसत होतं आणि मी बोल लावत होतो अंगठ्याला.

आता इतिहासाच्या मास्तराला एवढ्यावर गप्प बसवत नाही. माझ्या लक्षात आलं, की आमच्या पिढीला सायकलच्या तारेची ओळखच नव्हती. हर्क्युलीस, हिंद, अ‍ॅटलास, हिरो या साध्या काळ्या सायकलींचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे. हँडलखालची कांब ओढली की पुढची कांब वर जायची. सांध्यांना थेंबभर तेल दिलं की संपलं. तारेची गोष्ट वेगळी आहे आणि ती 1896 मध्ये सुरू होते.

त्या वर्षी अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडेन या मूळच्या आयरिश गृहस्थांनी एका यंत्रणेचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी साधी, की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटावं. आत ओढायची तार, बाहेर तिला वेढणारी, न दबणारी नळी. तार जेवढी ओढते तेवढंच नळी उलट रेटते. त्यामुळे ओढ वळणावळणानं कुठेही नेता येते. दांडीला कोपरा आला की सांधा लागतो, ही मात्र सापासारखी जाते. पुष्कळ जण हा शोध रॅली कंपनीच्या फ्रँक बाऊडेन यांच्या नावावर घालतात. आडनाव एकच असल्याचा हा घोटाळा. रॅलीच्या बाऊडेन साहेबांचा गिअरशी संबंध आहे, तो वेगळा. स्टर्मी-आर्चरचा चाकाच्या तुंब्यात बसणारा तीन गिअरचा संच 1902-03 च्या सुमारास आला, त्यामागचं भांडवल त्यांचं.

गिअरवरून फ्रान्समध्ये केवढा वाद झाला, हे वाचून तर मी थक्क झालो. सेंत-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही, लेखनातलं नाव 'व्हेलोसियो', हे स्वतःच्या मासिकातून गिअरचा पुरस्कार करत होते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची युक्ती, म्हणजे आजचा डिरेलर, लोकांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा. दुसऱ्या बाजूला 'तूर द फ्रान्स' ही शर्यत 1903 मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज. माणसानं स्नायूंच्या बळावर जिंकावं, गिअर हवेत ते पंचेचाळिशी उलटलेल्यांना, असं मत त्यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यांच्या शर्यतीत मातब्बर स्वारसुद्धा चढ आला की खाली उतरून मागचं चाक काढत आणि उलटं करून बसवत, कारण त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी चक्रं असत. डिरेलरला परवानगी मिळाली थेट 1937 मध्ये, देग्रांज यांच्या हातून सूत्रं गेल्यावर. व्हेलोसियो ते पाहायला नव्हते. 1930 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ट्रामच्या धडकेनं ते गेले. तेव्हाही सायकल सोबत होती.

देग्रांज साहेबांचं ते मत मी दोनदा वाचलं. त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असेल, पण मला ते प्रमाणपत्र वाटलं. मी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली आहे, तेव्हा गिअरवर माझा हक्क पहिला!

पुढचा टप्पा 1984 चा. तोवर गिअर बदलणं हे कानाचं काम होतं. दांडीवरची कळ सरकवायची, साखळीची कुरकुर थांबली की समजायचं लागला. त्या वर्षी जपानच्या शिमानो कंपनीनं शर्यतीच्या सायकलींसाठी 'खटक' आवाजाचे नेमके टप्पे आणले. एक खटका, एक गिअर. सोय झाली, पण कौशल्य स्वाराच्या हातातून तारेत गेलं. माझ्यासारख्या सात गिअरच्या सायकलीत एका खटक्याला तार जेमतेम तीन मिलिमीटर सरकते. त्यातला एक मिलिमीटर घर्षणानं खाल्ला की गिअर अर्धवट लटकतो. 2009 मध्ये शिमानोनं विजेवर चालणारे गिअर आणले, तिथं ही ओढाताण नाही. पण आपल्या-तुपल्या सायकलीत तारच आहे.

आणि हे घर्षण विचित्र असतं. ते तारेच्या लांबीपेक्षा वळणांवर वाढतं. गावाकडे अडेल बैलाचा कासरा खांबाला दोन वेढे घालून धरला, की पोरगंही त्याला रोखू शकतं. प्रत्येक वेढ्याला पकड पटीत वाढते. अठराव्या शतकात ऑयलरनं याचं गणित मांडलं. सायकलच्या तारेला हँडलजवळ एक आणि मागच्या चाकाशी एक असे वेढे असतात. थिजलेलं तेल तिथेच बसतं.

तारेला तेल द्यायची रीत मी शिकलो होतो स्कूटरवर. आपल्या साताऱ्यातच बनणारी 'प्रिया' माझ्याकडे होती. तिचे गिअर डाव्या मुठीत, तेही तारेवर. तार काढून खिळ्याला उभी टांगायची, वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्यानं बांधून नरसाळं करायचं, तेल ओतून रात्रभर ठिबकू द्यायचं. सकाळी खालच्या वाटीत काळं तेल जमलेलं असे. सायकलीला एवढाही खटाटोप नको. मी केलं ते असं.

मागचं चाक उचलून, पायडल फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर आणली. मग पायडल न फिरवता खटके उलटे सोडत गेलो. साखळी जागेवरच राहते आणि तार सैल पडते. नळीची टोकं ज्या खाचांत बसतात त्या माझ्या सायकलीत चिरलेल्या आहेत, त्यामुळे नळी अलगद बाहेर निघाली. ती तारेवर पुढेमागे सरकवून झाकली गेलेली तार उघडी केली. जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली, फडक्याला थोडं रॉकेल लावून थिजलेलं सगळं काढलं. मग शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब चिमटीत घेऊन तार चोळली. जास्त नाही. हल्लीच्या नळीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तिला दाट ग्रीस किंवा भरमसाट तेल मानवत नाही, धूळ धरून ठेवतं. नळी परत खाचेत बसवली, पायडल फिरवलं. साखळी टपटप करत आपल्या जागी उतरली. तारेचा एखादा पदर तुटलेला असेल तर मात्र तेलानं भागत नाही, तार बदलावी लागते. माझी शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर थंडीत, समर्थ मंदिराच्या चढाला अंगठा टेकवला. खटक. दुसरा, खटक. वर पोचलो आणि मग जरा वेळ थांबलो. दमलो होतो हे खरं, पण नुसता दमूनच थांबलो होतो असंही नाही.

आता खरं सांगायचं तर अंगठाही अगदीच निर्दोष नाही. थंडीत दुखतो, डॉक्टरांना दाखवला आहे, त्यांनी व्यायाम दिला आहे. पण चार आणे दोष त्याचा आणि बारा आणे खोबरेलचा, असा हिशेब निघाला. आमच्या वयात काहीही बिघडलं की आपण लगेच वयावर ढकलतो आणि त्या नावाखाली एकेक गोष्ट सोडत जातो. सोडण्याआधी एकदा तार पुसून पाहावी, एवढंच म्हणतो.

भाच्याला मात्र सायकल देण्याचं बोलून बसलो होतो. त्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "मामा, मला माहीत होतं तुम्ही देणार नाही."

असो. खोबरेलची बाटली आता स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेली आहे. माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.