मुष्टियोद्धा मुरलीकांत पेटकर

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. अंगात रग असलेल्या पोराला तालमीत धाडायचे, ही त्या भागाची रीत. पेटकरही आधी कुस्तीच खेळले. गावातल्या बड्या घरच्या मुलाला चितपट केल्यावर वैर ओढवले आणि घर सोडावे लागले, असे ते सांगतात. पुढे ते लष्करात गेले.

महाराष्ट्रात कुस्तीला संस्थानिकांचा आणि जत्रा-उरुसांचा आधार होता. मुष्टियुद्धाला तो कधी लाभला नाही. हा खेळ मुख्यतः छावण्यांच्या जोरावर टिकला. त्यामुळे खेड्यातल्या पोराच्या हाती ग्लोव्हज यायचे, तर ते बहुधा पलटणीतच. पेटकर लष्कराच्या ‘ईएमई’ या तांत्रिक कोअरमध्ये क्राफ्ट्समन होते. सिकंदराबादला ईएमईच्या रिंगमध्ये ते मुष्टियोद्धा म्हणून पुढे आले. १९६४ मध्ये टोकियोत झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेत त्यांनी पदक मिळवले.

त्यानंतर ही कारकीर्द जेमतेम वर्षभर टिकली. सप्टेंबर १९६५ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात, सियालकोट आघाडीवर शिट्टी वाजली. ती चहाची समजून जवान बाहेर पडले. प्रत्यक्षात तो हवाई हल्ल्याचा इशारा होता. पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या, अंगावरून गाडी गेली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले.

मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. पाय निकामी असताना पोहण्याचा सगळा भार खांदे आणि दंडांवर येतो, आणि मुष्टियोद्ध्याची तयारी नेमकी तिथेच असते. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये मात्र ते टेबल टेनिस खेळले. अपंग खेळाडूंसाठी धडपडणाऱ्या क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची त्यांना मदत झाली.

१९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याची ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने मिळवले, ते त्यानंतर ३६ वर्षांनी.

पुढे त्यांनी पुण्यात ‘टेल्को’मध्ये नोकरी केली. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पदकाचा देशाला जवळजवळ विसरच पडला होता. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला.