दाभोसा परिसरातील आहारपरंपरा

पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव लेंडी नदीवरील धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे. जव्हार व लगतचा मोखाडा हे तालुके म्हणजे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इ. जमातींचा डोंगराळ प्रदेश होय. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात मोडे.

येथील आहार जमिनीच्या उतारावर अवलंबून आहे. खाचरांत भात, तर डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद व खुरासणी पिकते. नागलीची भाकरी, आंबील, तांदळाची पेज व उडदाचे कालवण हे नित्याचे पदार्थ असून आठवडेबाजारातून सुकी मासळी येते. तेल खुरासणीचे किंवा मोहाच्या बियांचे असते. मोहाची फुले मद्याप्रमाणेच अन्न म्हणूनही वापरीत. ब्रिटिश सरकारने १८९२ च्या कायद्याने ठाणे जिल्ह्यात त्यांच्या संग्रहावर निर्बंध घातले, तेव्हा अन्नाच्या एका साधनालाच बाध आला.

पावसाळ्यात घरचे धान्य संपत आले, की रानाचा आधार घेतला जातो. शेवळाची खाज घालविण्यासाठी भाजीत काकडाची फळे घालतात. कडू कंद चिरून राखेसह शिजवितात व वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडवटपणा काढतात. खेकडे, ओढ्यातील मासे व बांबूचे कोंब हेही आहारात असतात.

तथापि हे ज्ञान दारिद्र्यावर उपाय ठरू शकले नाही. भरपूर पाऊस पडूनही पाणी उतारावरून वाहून जाते. दुसरे पीक नसल्याने अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी हे वास्तव राज्यापुढे आणले. २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना राज्यात सुरू झाली.

प्रवाशांसाठी उपाहारगृहांची सोय मुख्यतः जव्हार शहरात आहे. खेड्यांत आधी कळविल्यास काही घरी तांदळाची वा नागलीची भाकरी, कालवण व ऋतूप्रमाणे रानभाजी मिळू शकते. पाहुण्याला नवलाईचे वाटणारे हे ताट यजमानाच्या घरी टंचाईच्या दिवसांचा आधार असते. रानभाज्यांची मागणी वाढत असताना त्यांवरील स्थानिकांचा हक्क राखणे म्हणूनच अगत्याचे ठरते.