अक्रनच्या हॉटेलातून गेलेला फोन

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करतो.

गेल्या दिवाळीत मामानं मला गच्चीवर बोलावलं. म्हणाला, "तू दिवसभर त्या मोबाइलमध्येच असतोस ना? मग दारू सोडलेल्या लोकांचा जवळपास एखादा ग्रुप असेल तर बघ. पण घरात बोलू नकोस."

ग्रुप दहा मिनिटांत सापडला. तिथं फोन करायला मात्र मामानं तीन आठवडे घेतले. रोज नवं कारण. काय बोलू? ओळखीचं कुणी निघालं तर? परक्या माणसाला आपला ताप कशाला? त्या तीन आठवड्यांत मी या ग्रुपचा इतिहास वाचून काढला. बघतो तर काय, त्याची सुरुवातच एका अवघड फोनपासून झालेली!

साल १९३५, मे महिना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस तिथं धंद्याच्या कामासाठी आला होता. ते काम फिसकटलं. दारूनं त्याचं करिअर आधीच धुळीला मिळवलेलं, आणि ती सोडून जेमतेम पाच महिने झालेले. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच येरझाऱ्या घालत होता. एका बाजूला बार, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी.

बिल फोनकडे वळला. एका धर्मगुरूंना फोन लावला, त्यांनी दिलेल्या नावांवरून पुढे फोन करत गेला. शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी बोलणं झालं. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ. दारूपायी त्यांची प्रॅक्टिस बुडायला आली होती. त्या दिवशीही ते इतके प्यायलेले होते, की भेट दुसऱ्या दिवसावर गेली.

१२ मे, रविवार, संध्याकाळी पाच वाजता. डॉक्टरांनी बायकोला बजावून ठेवलेलं, पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

एवढं बोलले तरी काय? इथेच खरी गंमत आहे. न्यूयॉर्कमध्ये बिल कितीतरी दारुड्यांना उपदेश करत फिरला होता, आणि त्यातला एकही सुधारला नव्हता. पण या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता! म्हणून अक्रनला त्यानं उपदेश केलाच नाही. स्वतःची कहाणी सांगितली. तो डॉक्टरांना वाचवायला आलाच नव्हता. आज आपण पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता. डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा असं कुणीतरी भेटलं, ज्याला त्यांचं सगळं आतून ठाऊक होतं.

म्हणजे लगेच चमत्कार झाला असं नाही हं. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि पुन्हा पिऊन परतले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे एए, तोच आपला वाढदिवस मानते. मग दोघांनी मिळून तिसरा माणूस शोधला, थेट हॉस्पिटलला फोन करून.

संघटनेचं हे नाव रुळलं १९३९ साली आलेल्या पुस्तकामुळे. अनॉनिमस म्हणजे अनामिक. आडनाव सांगायची सक्ती नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

ही साखळी १९५०च्या दशकात मुंबईपर्यंत पोचली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. त्याला पु. ल. देशपांड्यांचा हातभार होता. तिथं उपचार होतात, आणि बाहेर पडलेल्यांनी पुन्हा पुन्हा एकत्र बसावं यावरही भर असतो.

आता कामाचं. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार मीटिंग सापडतात. 'ओपन' मीटिंगला घरचेही बसू शकतात. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' हे वेगळे ग्रुप आहेत. सरकारी हेल्पलाइन आहे १४४४६. आणि हे नीट ऐका: रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. अशा वेळी आधी डॉक्टर गाठा. ग्रुप म्हणजे दवाखाना नाही.

ही अक्रनची गोष्ट मी मामाला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या फोननं त्यांचंही काम होतं म्हणतोस?" आणि त्यानं नंबर लावला. पलीकडचे काका म्हणाले, "बरं झालं फोन केलात. आज मलाही कुणाशी तरी बोलायचंच होतं."

मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते. पहिल्या दिवशी मी मामासोबत गेलो, लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो. आणि हो, ओळखीचं माणूस निघालंच! आमच्या गल्लीतलं. ते मामाकडे बघून नुसतं हसले आणि बाकावर सरकून जागा केली.

मधे मामा एकदा घसरला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसला. परवा त्याचा मोबाइल वाजला. कुणीतरी नवीन होतं, काय बोलावं हे न सुचलेलं. मामा गच्चीवर गेला तो तासभर खाली आलाच नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.