दिनविशेष : ४ फेब्रुवारी

मेंदूचे कार्य कायमचे थांबणे, म्हणजेच मस्तिष्कमृत्यू, यालाही मृत्यू मानणारा १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९५ साली आजच्या दिवशी महाराष्ट्र आणि गोव्यात लागू झाला. त्याच्या २७ वर्षे आधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगांनंतर भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा असा कोणताही कायदेशीर आधार त्यांच्यापाशी नव्हता. रुग्ण जेमतेम तीन तास जगला, कारण त्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब इतका वाढलेला होता की नव्या हृदयाच्या उजव्या बाजूला त्याविरुद्ध रक्त ढकलणे झेपले नाही. परके ऊतक ओळखून शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर जो हल्ला चढवते, तो अवयव-अस्वीकार सुरू होण्याइतकीही सवड मिळाली नाही. हा अस्वीकार प्रतिकारशक्तीचेच काम असल्याचे पीटर मेडावार यांनी सशांवरील त्वचारोपणांतून १९४० च्या दशकातच दाखवले होते, परंतु त्याला खऱ्या अर्थाने आवर घालणारे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात सर्वत्र वापरात आले. सेन यांच्या कामाला नुसते अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच वर्षी त्यांनी दुसरे हृदयप्रत्यारोपण केले आणि तो रुग्ण सुमारे १४ तास जगला.