मुलकी माणसाची बायको ते ग्रीन कार्ड: लग्न मोडलं तर राहायचा हक्क कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

सुरुवात एका कागदापासून करू. बारावीनंतर ॲडमिशनसाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डोमिसाइल काढलं असेल, म्हणजे अधिवासाचा दाखला. त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात. कंटाळवाणा कागद, बरोबर? पण आपल्या नांदेड-लातूरकडं शंभर वर्षांपूर्वीही असाच एक शिक्का होता. त्याचं नाव 'मुलकी'. आणि आज अमेरिकेत संसार मोडायच्या वाटेवर असलेल्या आपल्याकडच्या पोरीला जो प्रश्न पडतो, 'आता मला इथं राहता येईल का?', त्याची मुळं समजून घ्यायला हा शब्द फार कामाचा आहे.

बार्शी लाइटनं आलेली नवरी

तेव्हा नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. लातूर हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि तेही निजामाच्याच राज्यात. शेजारचं बार्शी आणि सोलापूर मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत यायला लागली. आता विचार करा, बार्शीची मुलगी लातूरला दिली, ती त्या गाडीत बसली आणि उतरली तेव्हा राज्यच बदललेलं! ना पासपोर्ट, ना व्हिसा. पण कायद्याच्या नजरेत ती कोण?

हैदराबादच्या सरकारी नोकऱ्या इथल्याच लोकांना मिळाव्यात म्हणून १९१९ मध्ये मुलकी नियम पक्के झाले. मुलकी म्हणजे मुलखातला माणूस, बाकी सगळे गैरमुलकी. मुलकी ठरायच्या वाटा मोजक्या होत्या. जन्मानं मुलकी. किंवा बाप १५ वर्षं सरकारी नोकरीत असताना जन्म झालेला. किंवा स्वतः किमान १५ वर्षं कायमचं राहून, मूळ गावी परत जायचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं. आणि चौथी वाट: मुलकी माणसाची बायको असणं.

ही चौथी वाट नीट बघा. पहिल्या तीन वाटांमध्ये काहीतरी आपलं स्वतःचं किंवा रक्ताचं आहे. चौथीत फक्त नातं आहे. ना १५ वर्षांची अट, ना प्रतिज्ञापत्र. लग्न लागलं की हक्क आला. सोपी वाट आहे, पण ही जागा उसनी आहे. जे नात्यानं येतं, ते नात्याबरोबर जाऊही शकतं.

हे फक्त निजामाचं नव्हतं

तुम्ही म्हणाल, संस्थानी कारभार, जुना काळ. पण त्या काळातली पुढारलेली राज्यंही असाच विचार करत होती. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात सरळ लिहिलं होतं की नवरा ज्या देशाचा, बायको त्या देशाची. ब्रिटिश बाईनं परक्या देशाच्या माणसाशी लग्न केलं की बहुतेक वेळा ती परकी झाली. पुढं घटस्फोट झाला किंवा नवरा वारला, तरी तेवढ्यानं तिचं मूळ राष्ट्रीयत्व परत येत नव्हतं. आणि त्याच कायद्यात 'असमर्थ' कोण, याची व्याख्या होती: अल्पवयीन, वेडे आणि विवाहित स्त्री. एकाच रांगेत!

अमेरिकेत १९०७ च्या कायद्यानं हेच केलं. एथेल मॅकेन्झी ही कॅलिफोर्नियात जन्मलेली बाई. तिनं एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं, पण राहिली अमेरिकेतच. पुढं ती मतदार यादीत नाव घालायला गेली तर उत्तर मिळालं, तू आता अमेरिकन नाहीस. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९१५ मध्ये हरली. १९२२ च्या केबल कायद्यानं हे बरंचसं बदललं, पण सगळं नाही. ज्या परदेशी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळूच शकत नाही, त्याच्याशी लग्न केलं तर बाईचं नागरिकत्व तरीही जायचं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीयांना त्याच यादीत बसवलं. म्हणजे भारतीयाशी लग्न करणारी अमेरिकन बाई त्यानंतरही काही वर्षं आपल्याच देशात परकी होत राहिली.

शेवटी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारात तत्त्व मांडलं गेलं की लग्न झालं किंवा मोडलं, एवढ्यावरून बायकोचं राष्ट्रीयत्व आपोआप बदलू नये. छान. पण हे झालं नागरिकत्वाचं. राहण्याच्या परवानगीचं काय? उसनी जागा तिथं टिकून राहिली.

लातूर पॅटर्न आणि एच-फोर

आता आजच्या काळात येऊ. लातूर पॅटर्ननं पोरं इंजिनीअर झाली, नांदेडच्या एसजीजीएसमधून निघाली, पुणे-हैदराबाद करत अमेरिकेला गेली. सोयरीक जुळवताना 'मुलगा तिकडं आहे' म्हटलं की पुढचं फार कुणी विचारत नाही. विचारायला हवं ते हे: मुलगी कुठल्या कागदावर जाणार?

नवरा एच-वन-बी व्हिसावर असेल तर बायको एच-फोरवर जाते. हा व्हिसा पूर्ण त्याच्या व्हिसाला बांधलेला. घटस्फोटाचा निकाल अंतिम झाला की एच-फोरचा आधारच संपतो. म्हणून ज्यांना राहायचं असतं, त्यांना निकालाच्या आधीच विद्यार्थी व्हिसा किंवा स्वतःची नोकरी असा दुसरा मार्ग धरावा लागतो. नोकरीची मुभाही जन्मापासूनची नाही. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना ती मिळाली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच.

नवऱ्याच्या नोकरीवर दोघांना ग्रीन कार्ड मिळालं असेल तर गोष्ट वेगळी. कार्ड हातात आल्यावर घटस्फोट झाला तर तेवढ्यानं ते जात नाही. मंजुरीच्या आधी झाला, तर बायकोचा अर्ज बुडतो. काही दिवसांच्या फरकानं आयुष्य बदलतं, बघा.

तिसरी गोष्ट अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डवाल्याशी लग्न करून मिळालेल्या कार्डाची. खोट्या लग्नांना आळा घालायला १९८६ मध्ये कायदा आला. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं, आणि ते पक्कं करायला नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा. आता भांडण विकोपाला गेलंय आणि सही नवऱ्याच्या हातात! त्या कायद्यात सवलत होती, पण कशी? घटस्फोटाच्या मुद्द्यावर सवलत हवी तर लग्न खरं होतं हे दाखवायचं, शिवाय घटस्फोट तिनंच घेतलेला हवा आणि त्याला सबळ कारणही हवं. नवऱ्यानं आधी अर्ज टाकला तर ती अडकली.

१९९० मध्ये ही अट काढली. घटस्फोट कुणीही घेतलेला असो, लग्न प्रामाणिक होतं एवढं सिद्ध केलं की एकटीला अर्ज करता येतो. मारहाण किंवा अतोनात छळ झाला असेल तर त्यासाठी वेगळी सवलत आली. १९९४ च्या कायद्यानं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याच्या छळातून सुटणाऱ्या बाईला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करायचा हक्क दिला. हे नियम पुरुषांनाही लागू आहेत. ब्रिटनमध्येही साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा १९९९ मध्ये छळ सोसणाऱ्या बायकांना सवलत मिळाली आणि २००२ मध्ये तो नियम झाला.

आणि आपण? भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी सुनेला किंवा जावयाला ओसीआय कार्ड मिळू शकतं. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोट झाला की ते रद्द करता येतं. म्हणजे मुलकी माणसाची बायको अजून आपल्याही कायद्यात आहे.

मग यातून घ्यायचं काय?

इतिहास एवढंच सांगतो: उसन्या जागेची स्वतःची जागा करायला बायकांना प्रत्येक वेळी पुरावा द्यावा लागला. मुलकी नियमात १५ वर्षं आणि प्रतिज्ञापत्र होतं. आज दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, जॉइंट खातं, एकत्र भरलेला टॅक्स, फोटो, विम्याची कागदं. लग्न खरं होतं हे याच गोष्टी बोलतात, आणि भांडणात नेमक्या याच नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये राहतात.

म्हणून तिकडं निघालेल्या ताईला, मैत्रिणीला तीन गोष्टी सांगा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. प्रत्येक कागदाची नक्कल स्वतःच्या ईमेलवर ठेव. आणि घटस्फोटाच्या कागदावर सही करायच्या आधी, नंतर नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. घटस्फोटाचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील ही दोन वेगळी माणसं असतात.

आणि माहेरच्यांनो, 'संसार मोडला तर व्हिसा जाईल' या भीतीपोटी लेकीला मार खात राहू देऊ नका. वाट असते, ती बायकांनी लढून पाडलेली आहे. ती माहीत असायला हवी, एवढंच.

बार्शी लाइटमधून उतरलेल्या त्या नवरीला हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्या हातात तर मोबाइल आहे. हा भाग जिला गरज आहे तिला पाठवा. भेटूया पुढच्या भागात!