जुन्या कॉम्प्युटरमध्ये ४ टीबीची हार्ड डिस्क चालेल का?

किनवटसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या फोटो स्टुडिओत २००९-१० चा कॉम्प्युटर अजून रोज चालू असतो. नवं विंडोज त्याला झेपत नाही, म्हणून कुणीतरी लिनक्स टाकून दिलेलं असतं. लग्नसराई आली की व्हिडिओंनी डिस्क भरते. मग प्रश्न येतो, एवढ्या जुन्या मशीनला ४ टीबीची डिस्क लावता येईल का?

बहुतेक वेळा येते. मशीनला सॅटा पोर्ट मात्र हवा.

अडचण कुठे आहे?

साधारण २०११ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डवर यूईएफआय नाही, जुना बायोस आहे. त्या काळची एमबीआर ही विभागणीची पद्धत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिते. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून हिशोब २.२ टीबीपाशी संपतो. त्यापुढची जागा वापरायची तर जीपीटी पद्धत लागते.

इथे लिनक्स कामी येतं. बायोसचं काम फक्त सुरुवातीच्या काही सेकंदांचं असतं. ग्रबने कर्नल मेमरीत आणला की पुढे कर्नल डिस्कशी थेट बोलतो, बायोसला विचारत नाही. त्यामुळे बायोस जुना असला तरी लिनक्स जीपीटीची डिस्क पूर्ण वाचतं. काही बायोस मोठी डिस्क ओळखताना अडकून बसतात. तिथे सेटिंगमध्ये त्या डिस्कसमोर ‘नन’ निवडलं तरी लिनक्सला ती बहुतेकदा सापडते.

काय करायचं?

सोपा मार्ग म्हणजे लिनक्स जुन्या छोट्या डिस्कवरच राहू द्या. नवी डिस्क फक्त डेटासाठी ठेवा आणि जीपार्टेडमध्ये तिचं पार्टिशन टेबल जीपीटी निवडा. (हे करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून नाव दोनदा बघा.) ४ टीबीऐवजी ३.६ दिसलं तर घाबरू नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

मोठ्या डिस्कवरूनच मशीन सुरू करायचं असेल, तर ग्रबसाठी १ एमबीचं ‘बायोस-ग्रब’ पार्टिशन लागतं. बूटचं पार्टिशनही डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवा, कारण ग्रब स्वतः बायोसमार्फतच वाचतो.

खरा धोका

जुन्या यूएसबी केसपासून सांभाळा. त्यातल्या काहींचा हिशोबही ३२ बिटांवरच थांबतो आणि ३ टीबीची डिस्क चक्क ८०१ जीबीची दिसते. अशा केसमधून ती फॉरमॅट करू नका. काही जुन्या कंट्रोलरवर तर मर्यादेपुढे लिहिलेला डेटा गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला जाऊन आधीच्या फायली पुसतो. एरर येत नाही, कळतं ते थेट फाइल उघडताना.

म्हणून कुणाच्या लग्नाचं एकमेव शूटिंग त्यावर टाकण्याआधी रिकामी डिस्क ‘एफ३’ने तपासा. हे साधन डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. ४ टीबीला जवळपास अख्खा दिवस लागतो, तेव्हा लाइट कधी जाते ते बघूनच सुरू करा.