घरचें मैदान आणि परदेशचा उंबरठा

हॉकी म्हटलें कीं भारतीय मनास ध्यानचंदांचें स्मरण होतें. परंतु रशियांत त्या नांवाचा खेळ बर्फावर, पोलादी पात्यांचे बूट घालून खेळला जातो. तेथील राष्ट्रीय स्पर्धा सोव्हिएत अमदानींत, १९४६ सालीं सुरू झाली. पुढें चार दशकें कोठें खेळावें हें ठरविण्याचा अधिकार खेळाडूला नव्हताच. लष्करी संघाचा प्रख्यात फेतिसोव्ह दीर्घ झगड्यानंतर १९८९ सालीं अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्यें जाऊं शकला. त्याच वर्षीं तरुण मोगिल्नी स्टॉकहोमहून पळून गेला.

१९९१ सालीं सोव्हिएत राज्य मोडलें, संघांची आर्थिक घडी विसकटली, आणि कित्येक खेळाडूंनीं अमेरिकेंतील दुय्यम लीगचीहि वाट धरली. नव्या शतकांत तेलाच्या उत्पन्नानें चित्र पालटलें. २००८ सालीं काँटिनेंटल हॉकी लीग स्थापन झाली आणि घरींच चांगलें वेतन मिळूं लागलें.

उलट, अमेरिकेंत नवागताला पुष्कळदां प्रथम दुय्यम लीगमध्यें धाडतात. २०१३ सालच्या करारान्वयें त्याचें मूळ वेतन मुख्य लीगमध्यें वर्षास फार तर ९,२५,००० डॉलर, तर दुय्यम लीगमध्यें फार तर ७०,००० डॉलर असे. वर केव्हां बोलावतील याची शाश्वती नाहीं. आणि खेळाडूचें उमेदीचें वय थोडें!

पण प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. तिशीच्या शिपाचोव्हनें २०१७ सालीं लास वेगासच्या संघाशीं दोन वर्षांचा, ९० लाख डॉलरांचा करार केला. तीन सामन्यांनंतर त्याला दुय्यम संघांत धाडतांच त्यानें तें नाकारलें, करार संपुष्टांत आणला आणि तो सेंट पीटर्सबर्गला परतला.

कप्रिझोव्हची मिनेसोटाच्या संघानें २०१५ सालीं निवड केली, तरी तो पांच वर्षें घरींच खेळला. २०१८ च्या ऑलिंपिकला नॅशनल लीगनें आपले खेळाडू सोडले नाहींत. त्यानें मात्र तेथें अंतिम सामन्यांत जर्मनीविरुद्ध विजयी गोल केला. २०२० सालीं दुय्यम लीगची पायरी न चढतां तो थेट मुख्य लीगमध्यें गेला व पहिल्याच हंगामांत सर्वोत्तम नवागत ठरला.

म्हणून घरीं राहण्याला निव्वळ मायदेशाचा मोह म्हणणें अपुरें ठरतें. परदेशीं जाण्याची वाट १९८९ सालीं मोकळी झाली. परक्या उंबरठ्यावर तिष्ठत राहण्यास नकार देण्याची ऐपत मात्र घरीं मानाचें स्थान निर्माण झाल्यावरच आली.